साक्रीला अडून राहिलेला सबक

हा प्रवास मी स्थळे पाहण्यासाठी केलेला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. दोन वर्षांपूर्वी जळगावात मी एका स्त्रीला एक सल्ला दिला होता. तो चुकीचा होता, हे मला उशिरा समजले, आणि तो अजून मागे घेता येतो का, एवढेच पाहण्यासाठी मी यंदा आखाजीच्या आठवड्यात सांगलीहून निघाले.

आखाजी म्हणजे आपली अक्षय्यतृतीया. आमच्याकडे त्या दिवशी देवाला आंब्याचा नैवेद्य दाखवतात आणि दिवस संपतो. खानदेशात मात्र तो सासुरवाशिणींचा सण आहे. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, निंबांना झोके बांधले जातात, आणि वर्षभर ज्यांना कुणी नावाने हाक मारलेली नसते, त्यांना त्या दोन-चार दिवसांत आपले नाव पुन्हा ऐकू येते. मी जिला भेटायला निघाले होते, ती कल्पना याच सणासाठी माहेरी साक्रीला जाणार होती, आणि मला तिच्याबरोबर जायचे होते.

पिंप्राळा

जळगावात मी पिंप्राळ्याला माझ्या मावसबहिणीकडे उतरले. स्कूटरवरून भाजी आणणाऱ्या बायका, कोपऱ्यावरची लहान दुकाने, दुपारी एक वाजता ओस पडणारे रस्ते. उन्हाची गोष्ट काय सांगावी? सांगलीचे ऊन अंगावर येते; जळगावचे ऊन जमिनीतून वर येते आणि चपलेच्या तळव्यातून विचारपूस करते. बहिणीने मला आल्या आल्या कैरीचे पन्हे दिले आणि चारपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही, असे बजावले. त्या सक्तीच्या विश्रांतीत मी मागचे सारे पुन्हा आठवले. वाचकांसाठी तेच येथे क्रमाने मांडते.

मी वीस वर्षे सांगलीच्या एका शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवले. ‘रामः रामौ रामाः’ हे सबंध वर्गाकडून एका सुरात म्हणून घेणे हे माझे रोजचे काम होते. पुढे पुण्याला जाऊन मी अरबी शिकले आणि त्याच ओघात उपयोजित भाषाविज्ञानाचा अभ्यास केला. भाषा शिकवण्याआधी शिकणाऱ्याला ती कशासाठी हवी आहे हे विचारावे, आणि जेवढे हवे तेवढेच आधी द्यावे, असे हे शास्त्र थोडक्यात सांगते. मला ते इतके पटले, की ज्या रूपावलीवर मी लहानाची मोठी झाले होते, तिच्याकडे मी वरून पाहू लागले. नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसाचा उत्साह फार वाईट असतो.

जळगावची केळी आखाती देशांत जातात. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने केळी-उत्पादकांसाठी तीन दिवसांचा अरबी वर्ग योजला आणि तो माझ्याकडे सोपवला. मी ऐंशी वाक्यांची एक पुस्तिका तयार केली. नमस्कार, मालाची प्रत, खोक्यांची संख्या, गाडी कधी निघाली, बंदरावर कधी पोहोचेल. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाकडून एक तक्ता भरून घेतला. ‘तुम्हाला अरबी कशासाठी हवी?’ हा त्यातला मुख्य प्रश्न. लोक कुटुंबाकुटुंबाने बसले होते. मी एकेका कुटुंबासमोर उभी राहून मोठ्याने विचारत होते आणि उत्तर लिहून घेत होते.

कल्पना पहूरहून आली होती. वय तिशीच्या आत-बाहेर, शेजारी नवरा, पलीकडे सासरे. त्यांना सगळे नाना म्हणत. मी विचारल्यावर ती क्षणभर थांबली, सासऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, “केळीसाठी.” मी तसे लिहिले.

मग कळले, की ती दीड वर्षापासून अरबी शिकतच होती. साक्रीला तिच्या माहेरच्या शेजारच्या गल्लीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहत होते. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे. ती उस्ताद म्हणे. रोज सकाळी सहा वाजता फोनवरून ते तिचा सबक, म्हणजे धडा, ऐकत. त्यांची पद्धत जुनी, मदरशातली. आधी शब्दाची घडण, मग वाक्याची. एका धातूची चौदा रूपे तोंडपाठ झाल्याशिवाय दुसरा धातू नाही. अरबीत संस्कृतासारखेच द्विवचन असते, म्हणून ही रूपे इतकी होतात. उस्ताद आपल्यासमोर चौदा चिंचोके मांडत. एक रूप बरोबर आले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. एक चुकले की सगळे परत डावीकडे. फोनमधून तिला चिंचोक्यांचा आवाज ऐकू येई, आणि ते सगळे एकदम मागे सरकल्याचा आवाजही. चौदाही पार झाले की ते एकच शब्द म्हणत, “आगे.”

या पद्धतीतले उदाहरणाचे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे. जैदने अम्रला मारले. मी सगळ्यांसमोर कल्पनाला विचारले, दीड वर्षात केळीविषयी एक तरी वाक्य बोलता येते का? ती नाही म्हणाली. मी म्हणाले, “मग आता त्या जैदला थोडं विसावू द्या, आणि अम्रलाही घरी जाऊ द्या.” वर्ग हसला. नाना सगळ्यांत जास्त हसले. कल्पनाही हसली.

दुपारी चहाच्या वेळी तिने मला हळूच विचारले, की आता उस्तादांना काय सांगू? मी उत्तर दिले, ते शब्दशः लक्षात आहे. “काही सांगायला नको. हळूहळू फोन घेणं कमी करा. म्हातारी माणसं समजून घेतात.”

जुन्या शिक्षणात गुरूची परवानगी घेतल्यावाचून उठणे हा केवढा अपमान आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण पुस्तकातले ज्ञान त्या वेळी पुस्तकातच राहिले.

वर्ग संपल्यावर मी माझ्या शिस्तीप्रमाणे दीड-दोन वर्षांनी प्रत्येकाला फोन करून प्रगती विचारत असे. यंदाच्या संक्रांतीला कल्पनाला फोन केला. पुस्तिकेचा उपयोग होतो का, असे विचारले. ती म्हणाली, पुस्तिका चांगली आहे, पण आता मोबाईलच बोलतो. मराठीत सांगितले की तो अरबीत सांगतो, आणि तिकडचे इकडे सांगतो. मग मी विचारले, अरबी चालू आहे ना? ती म्हणाली, “बाई, ज्यासाठी शिकत होते ते बंद झालं.”

मी तक्ता काढून पाहिला. तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात ‘केळी’ असे लिहिले होते, आणि केळी तर चालूच होती.

पहूर

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मी पहूरला पोहोचले. उतरणाऱ्याला लांबूनच केळीच्या बागांची हिरवी रेघ दिसते; बाकी सारे रान त्या दिवसांत पिवळे पडलेले असते. बागेच्या कडेने उष्ण वारा अडवायला शेवरी लावलेली होती. शेडमध्ये घड उतरवून त्यांच्या फण्या वेगळ्या करणे, पाण्याच्या हौदांत धुणे, पुसणे, खोक्यांत भरणे असे काम चालले होते. धुतलेल्या कच्च्या केळीला एक तुरट वास असतो. तो कपड्यांना लागतो आणि पुढच्या दोन गावांपर्यंत सोबत करतो.

नानांनी माझे स्वागत केले आणि लगेच चिमटाही काढला. मी त्यांच्या सुनेला काय शिकवले ते त्यांना अजून समजले नव्हते, असे ते म्हणाले. मोबाईल मात्र फुकट शिकवतो. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून त्यांनी वेगळ्याच आवाजात सांगितले, “बाई, ही पोरगी रोज सकाळी गच्चीवर उभी राहून कोनाले तरी मारत राहे. मी खाली दात घासता घासता ऐकत राहे. आता दोन वर्सं झाले, कोनालेच मारत नाही. सकाळ कशी सुनी वाटते.”

मी त्यांना विचारले, की तेव्हा तुम्ही तिला थांबवले का नाही? ते म्हणाले, “तुम्ही शिकेल-सवरेल मानूस. तुम्ही सांगतलं, आम्ही काय बोलावं?”

कल्पनाने मला जेवायला वाढले. कळण्याची भाकरी, डाळ, तळलेली मिरची आणि कांदा. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेले पीठ. आमच्याकडे उडीद पापडाच्या पलीकडे फारसा जात नाही. इथे तो भाकरीला रंग आणि चव देतो. ती समोर बसून माझे जेवण पाहत होती. घरात त्या वेळी दुसरे कुणी नव्हते. मी दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी तक्त्याशिवाय. अरबी कशासाठी हवी होती?

तिने माझ्या ताटातली मिरची सरळ केली. मग म्हणाली, की केळीचे कारण तिनेच घरात सांगितले होते, कारण त्याशिवाय रोज अर्धा तास कुणी दिला नसता. बारावीनंतर तिला भाषा घेऊन पुढे शिकायचे होते. ते लग्नामुळे राहिले.

“सहा ते साडेसहा मी कुणाची सून नसायचे, बाई. चौदा रूपं म्हणायचे. बरोबर की चूक, एवढंच कुणीतरी पाहायचं. दिवसभरात मी बाकी जे करते, ते बरोबर की चूक हे कुणी सांगत नाही. झालं की नाही, एवढंच विचारतात.”

मी हात धुवायला उठले आणि बराच वेळ नळापाशी उभी राहिले. माझी पद्धत वाईट नाही. गरज विचारून शिकवावे, हे आजही मला मान्य आहे. पण गरज विचारताना ती कुणाच्या देखत विचारतो आहोत, हे पाहावे लागते, आणि इतकी साधी गोष्ट वीस वर्षे वर्गात घालवलेल्या बाईच्या ध्यानात आली नाही. मी उत्तर लिहून घेतले आणि त्याआधीची तिची शांतता सोडून दिली.

मी तिला म्हणाले, की आपण साक्रीला जाऊन उस्तादांची माफी मागू आणि सबक पुन्हा सुरू करून देण्याची विनंती करू. चूक माझी आहे हे मी स्वतः सांगेन. ती गेल्या दोन वर्षांत चार वेळा माहेरी जाऊन आली होती, पण प्रत्येक वेळी त्यांची गल्ली टाळून मागच्या वाटेने गेली होती. “समोर आले तर काय सांगू?” ती म्हणाली.

धुळे

धुळ्याला गाडी बदलायची होती आणि हाताशी तासभर होता, म्हणून आम्ही शेवभाजी खाल्ली. कल्पनाने मला आधीच सावध केले होते. मी कोल्हापूरच्या शेजारची, तिखटाला काय घाबरणार, अशा तोऱ्यात पहिला घास घेतला. आमच्याकडचे तिखट जिभेवर थांबते; हे कानांपर्यंत गेले. माझे डोळे पुसण्याच्या गडबडीत चष्मा टेबलावरच राहिला आणि ते गाडीत बसल्यावर लक्षात आले. कल्पना धावत गेली. कंडक्टरने गाडी थांबवून धरली आणि खिडकीतून तिच्याकडे पाहत मला म्हणाला, “अक्का, चष्माच इसरनात, आते साक्री कशी देखशात?” मागच्या बाकावरचे लोक हसले. मीही हसले. त्या दिवसातले ते शेवटचे मोकळे हसू होते.

धुळ्यापासून भाषा बदलते. पहूरला ‘आहे’चा ‘हाये’ होतो. इथे ‘शे’ येतो. कल्पनाची बोलीही गाडीत बसल्या बसल्या बदलली. माझ्याशी प्रमाण मराठी, शेजारणीशी अहिराणी, आणि अहिराणी बोलताना तिचा आवाज थोडा मोठा आणि चेहरा थोडा लहान होत होता.

साक्री

साक्रीला पोहोचलो तेव्हा पश्चिमेकडच्या डोंगरांवर धूळ होती. कल्पनाचे वडील, आबा, आम्हाला घ्यायला आले होते. त्या संध्याकाळी दारातल्या निंबाला झोका बांधलेला होता आणि शेजारच्या माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. कल्पना झोक्यावर बसली, पण नजर सारखी उस्तादांच्या गल्लीकडे जात होती.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी पितरांसाठी नवी घागर भरून पुजली; तिच्यावर लहान मडके आणि त्यावर खरबूज. मग मांडे. पुरण भरलेली कणीक हातांवरच फिरवत, वाढवत, कोपरापर्यंत आणायची आणि पालथ्या तापलेल्या खापरावर टाकायची. पोळपाट नाही, लाटणे नाही. कल्पनाची आई हे करत असताना मी वहीत टिपून घेऊ लागले, तेव्हा ती म्हणाली की हे लिहून येत नाही, हात घालावा लागतो. मी वही मिटली.

आमरस आणि मांडे जेवताना कल्पनाने आबांना सांगितले, की ऊन उतरल्यावर आम्ही मास्तरांकडे जाणार आहोत. आबा म्हणाले, “जाय. संगे पाटी लई जाय.”

पाटी कशाला, असे तिने विचारले. आबांनी हातातला घास ताटात ठेवला.

“तुले माहीत नही? त्यासले वरीसभरफाईन काहीच ऐकू येत नही. मी तं समजनू, म्हनूनच तुना सबक बंद पडना.”

तिच्या सबकाबद्दल माहेरी गेले वर्षभर कुणी काही विचारले नव्हते, त्याचे कारण हे होते. वडिलांनी आपल्या मनाशी एक सोपे उत्तर ठरवले होते. कल्पनाने उठून माळ्यावरून तिची शाळेतली पाटी काढली, पुसली आणि पदराखाली धरली.

उस्ताद ओसरीवर सतरंजी टाकून बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, पांढरी टोपी, समोर एक रेहाल, म्हणजे पुस्तक ठेवायची घडीची लाकडी बैठक. कल्पना दिसताच त्यांनी हात वर केला. तिने पायांना हात लावण्याआधीच ते म्हणाले, “ये बेटा, बठ.” जणू ती काल येऊन गेली होती. मला त्यांनी खुर्ची आणवली. मी सतरंजीवर बसले.

औषधे झाली, कानात घालायचे यंत्रही झाले. ते त्यांनी डबी उघडून दाखवले. त्यातून गडगडाट ऐकू येतो, अक्षर ऐकू येत नाही, असे ते म्हणाले. आणि त्यांच्या विद्येत तर सारा भर अक्षरावर. दोन ‘ह’ वेगळे, दोन ‘स’ वेगळे, शेवटचा स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावर कर्ता एक की दोन हे ठरणार. जे कानाने तपासायचे, ते आता तपासता येत नाही, म्हणून त्यांनी शिकवणे बंद केले होते.

मी कल्पनाकडून पाटी मागून घेतली आणि आदल्या रात्री मनात जुळवलेली वाक्ये बाजूला ठेवून इतकेच लिहिले, ‘कल्पनाने शिकणे सोडले ते माझ्या सांगण्यावरून. तुम्हाला न सांगता सोड, असेही मीच सांगितले.’

त्यांनी पाटी लांब धरून वाचली. दोनदा वाचली असावी. मग फडक्याने ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसली.

“तवय माले ऐकू येत व्हतं,” ते म्हणाले. “त्यानंतर बी एक वरीस येत व्हतं.”

त्यात राग नव्हता. गाडी किती वाजता गेली हे सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले. मला त्याऐवजी राग सोसवला असता.

मग ते कल्पनाकडे वळले. फोनवर सबक दिला, ती चूक त्यांची स्वतःची होती, असे ते म्हणू लागले. त्यांच्या उस्तादांनी कधी डोळ्यांआडून सबक ऐकला नव्हता. “समोर ऱ्हाती तं तू सांगी देती. फोनवर मानूस कवय उठी गया, समजत नही.” दोन महिने ते रोज सहाला चिंचोके मांडून बसत होते, हे आम्हाला त्यांच्या बायकोने आतून सांगितले. त्यांना ते ऐकू आले नाही.

मला काहीतरी दुरुस्त करायचे होते. मी पाटीवर लिहिले, की रोजचा सबक त्यांच्या वतीने मी फोनवर ऐकेन. मला अरबी येते. त्यांनी आनंदाने मान हलवली आणि एक धातू दिला. नेहमीचा मारण्याचा नव्हे, बोलण्याचा. त्याच्या मध्ये एक दुर्बळ अक्षर असते, जे काही रूपांत टिकते आणि काही रूपांत गळते. “म्हना,” ते म्हणाले, आणि माझ्या ओठांकडे पाहत राहिले.

पाच रूपे मी म्हणाले. सहाव्यापाशी शब्द आपला आकार बदलतो, हे मला पक्के ठाऊक होते. कसा बदलतो यावर मी व्याख्यान देऊ शकले असते. पण ते रूप तोंडात आले नाही. मी ही भाषा वाक्यांतून शिकले. वाक्यात हे रूप मला क्वचितच लागले. मी खोटे काहीतरी पुटपुटले असते तरी त्यांना ऐकू येणार नव्हते. माझे ओठ थांबले, आणि ते त्यांना दिसले. कल्पना खाली पाहत होती. तिला ते रूप येत होते. तिने मला सांगितले नाही. वडीलधाऱ्या माणसाला सबक सांगू नये, हेही ती तिथेच शिकली होती.

“तुम्ही बोलत चांगलं असशात,” उस्ताद मला म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटले, म्हणून अधिक लागले.

यानंतर त्यांनी पाटी तिच्यापुढे सरकवली. ज्या धातूवर दोन वर्षांपूर्वी ती थांबली होती, त्याचीच रूपे लिहायला सांगितली. त्यांच्या डोळ्यांसमोर, पुस्तक न पाहता. तिने पेन्सिल उचलली. मी पाहत होते, तिचे ओठ आधी हलत आणि हात मागून चाले. चौदा रूपे उजवीकडून डावीकडे उतरली. उस्तादांनी एकेका शब्दाखाली बोट फिरवले आणि प्रत्येकाबरोबर एक चिंचोका सरकवला. तेराव्यापाशी बोट थांबले तेव्हा तिने श्वास धरला. त्यांना नीट दिसले नव्हते, एवढेच; पाटी उजेडाकडे वळवली आणि चिंचोका पुढे गेला.

“बठ्ठं बरोबर शे,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “आगे.”

कल्पनाने डोळे पुसले नाहीत, पाटीच पुसली. आणि पुसलेल्या पाटीवर लिहिले, ‘आता रोज कसं?’

मी पुन्हा मध्ये पडले. पाटीचा फोटो काढून पाठवता येईल, फोनवर चेहरा दिसेल अशी सोय करता येईल, असे मी भराभर लिहिले. त्यांनी सगळे शांतपणे वाचले आणि नकार दिला. ज्या पाटीवर लिहिताना त्यांनी हात पाहिला नाही, ती पाटी त्यांच्या लेखी कोरी होती. आणि एकदा दुरून सबक दिल्याचा परिणाम तर समोरच बसला होता. ते कल्पनाला म्हणाले, “तू माहेरले कवय कवय येस?”

आखाजीला आणि दिवाळीला, असे तिने बोटांनी दाखवले. मधे एखादे लग्नकार्य निघाले तर; पण ते धरायचे नाही.

त्यांनी पुस्तक उघडले. तिची खूण होती ते पान सहज सापडले, कारण पुढची पाने कुणी उलटलेली नव्हती. तिथून शेवटपर्यंत त्यांनी अंगठ्याने एकेक सबक मोजला. मीही नकळत त्यांच्याबरोबर मोजत होते. एकेचाळीस. प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेला माणूस. त्यांनी हिशेब मनात ठेवला नाही, वर्गाला सांगावा तसा मोठ्याने सांगितला. एक भेटले एक सबक. वरीसले दोन. एकेचाळीसले दोनघाई भाग.

“वीस वरीस,” ते म्हणाले, “आनी एक सबक उरस.”

 उस्तादांनी टोपी नीट केली, रेहाल तिच्या बाजूला फिरवली आणि नव्या सबकाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवले.